अडीचशे घोडे, ताशी वीस मैल

एकसष्टाव्या वर्षी माणूस गुडघे बदलतो,
फार तर पडदे.
इथेलने गाडी बदलली.
लाल, तीन दारांची, बुटकी,
मागे दोन नळकांडी आणि छपराच्या टोकाला आखूड पंख,
जणू ती कुठे उडणार होती.

म्हणे रोजच्या वापराला.
रोजचं काय आमचं?
खोऱ्यातल्या चार गावांतले पियानो:
तीन चॅपलं, एक शाळा, आणि तो वृद्धाश्रम
जिथली काळी तीन दर हिवाळ्यात उतरते.
हत्यारांची पिशवी, सुरांचा चिमटा, थर्मास.
एवढ्याला अडीचशे घोडे?

विकणारा पोरगा स्वान्सीचा, येस्तिन.
बायकोला सातवा महिना.
बाळाची खुर्ची मागे बसवून बघताना
कंबर धरली, तेव्हाच ठरलं म्हणाला.
बोलताना हात सारखा छपरावर,
तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

'चक्कर मारून बघा.'
इथेल जागचा हलला नाही.
काच खाली केली, इंजिन सुरू केलं, डोळे मिटले.
पोरगा माझ्याकडे बघू लागला.
मी आभाळाकडे.
चार मिनिटांनी इथेल म्हणाला,
'तिसरा सिलिंडर किंचित उतरलाय.'
पोराचे कान लाल.
'कॉइल आहे. बदलणारच होतो.'
दोनशे पौंड कमी झाले.
बाकी घासाघीस केलीच नाही या माणसाने,
ज्याने लग्नाच्या अंगठीसाठी
मला सहा दुकानं हिंडवली होती.

वेल्समध्ये आता गावात ताशी वीस मैल.
घोडं इथंच पेंड खातं.
अडीचशेच्या अडीचशे
शाळेपासून खाटकापर्यंत
पाय न वाजवता चालतात.
पोस्टवाली सायकलवरून मागे टाकते, वर हात करते.
गतिरोधकावर पोट घासतं.
एकेक खड्डा माझ्या माकडहाडाला नावानिशी ठाऊक झालाय.
विमावाल्या मुलीने फोनवर
त्याची जन्मतारीख दोनदा विचारली.
शेजारची हेल्वेन म्हणाली, वरातीमागून घोडं.
मी म्हटलं, एक नाही गं, अडीचशे.

का घेतलीस, एकदाच विचारलं.
म्हणाला, 'जुळवून देतो, मेरेरिद,
वाजवत कुणी नाही.
झाकण लावतात, वर फुलदाणी ठेवतात.
हिला दाबलं की ही बोलते.'
आणि बटाटे सोलायला लागला.

मार्चमधला मंगळवार.
त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या,
म्हणून किल्ली मी घेतली.
औषधाचं दुकान डावीकडे.
डावीकडचा दिवा मी लावला होता,
हे मला नक्की आठवतं.

डोंगराचा रस्ता कोरडा होता.
गावाची हद्द संपल्याचा पांढरा गोल,
त्यावर तिरपी काळी रेघ.
दुसऱ्यातून तिसऱ्यात.
पाय मी नुसता ठेवला होता, खरंच नुसता.
खुर्चीने पाठ धरली,
नाचात कुणी न विचारता धरावी तशी,
आणि वळण माझ्याकडे आलं,
मी वळणाकडे गेले नाही.
तोंडातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं वाटाणे वाढले,
तिथे हा आवाज कधी लागला नव्हता.

माथ्यावर रस्त्यातच मेंढ्या.
ब्रेकचा जळका वास.
एक मेंढी अगदी समोर, रवंथ करत,
माझ्याकडे बघत उभी.
मी हॉर्न वाजवला नाही.
बराच वेळ.

संध्याकाळी इथेल गाडीत शिरला,
गुडघे स्टिअरिंगला टेकले.
खुर्ची मागे सरकवायची मी विसरले होते.
पेट्रोलचा काटा बघितला.
आत येऊन हात धुता धुता म्हणाला,
'तिसऱ्यात, चार हजारांच्या वर,
पंचम लागतो ना जरासा?'
'पंचम मला कळत नाही,' मी म्हटलं,
'काटा आला हातावर.'

त्याने टॉवेल घडी करून ठेवला.
'आणि गोळ्या?'